दोष तुझ्या टोकाला

प्रल्हाद, तू गेल्यावर तीन दिवस आपण रोज बोललो. मंगळवार, बुधवार, गुरुवार, सकाळी अकरा ते बारा, नेहमीच्या वेळेला. मी धुळ्यात, तू जळगावात. इतकं स्वच्छ बोलणं होळीपासून एकदाही झालं नव्हतं. हे कोणाला सांगितलं तर म्हणतील, मास्तरांचं डोकं उन्हाने तापलंय. म्हणून तुलाच सांगतो. तूही हसशील, पण तुझ्या हसण्याची मला सवय आहे.

तुझ्या टेलिफोन खात्यातली माणसं तुझ्याबद्दल चांगलं बोलताहेत. खांबावर चढण्यात तुझा हात कोणी धरू शकत नव्हतं, वादळात तुटलेली लाइन तू सकाळच्या आत जोडून देत होतास, वगैरे. ते सगळं खरं आहे आणि ते त्यांनीच बोलावं. मला दिसतं ते तुझं खोकं. खताच्या गोणीच्या तुकड्यावर ठेवलेलं, चारी बाजूंनी स्क्रू आणि एक बाजू कायम उघडी, कारण झाकण लावलं की ते बंद पडायचं.

आमच्या शाळेने दोन कॉम्प्युटर भंगारात काढले तेव्हा मी तुला कार्ड टाकलं होतं. कळफलकाच्या पोटातच अख्खा कॉम्प्युटर असलेली ती जुनी यंत्रं, टीव्हीला जोडायची आणि प्रोग्राम कॅसेटवरून चढवायचा. एक तू नेलंस, एक मी ठेवलं. हौशी वायरलेसचा परवाना दोघांकडे होताच. तू म्हणालास, येसू, आजवर आपण बोललो, आता यांना बोलू देऊ. मोडीतल्या सुट्या भागांतून तू दोन खोकी बनवलीस. कळ दाबली की खोकं त्या अक्षराच्या जाड-बारीक शिट्ट्या करणार, वायरलेस त्या शिट्ट्या पारोळा, एरंडोल ओलांडून नेणार, आणि पलीकडचं खोकं त्यांची पुन्हा अक्षरं करणार. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली; इथे मी त्या ओळी आपल्या लिपीत उतरवतोय. दीड वर्ष खपलो. आणि शेवटी पहिली ओळ आली तेव्हा मी श्वास रोखून बघत होतो, की हा गडी आता काय ऐतिहासिक लिहितो. तू लिहिलं होतंस, ‘जेवलास का?’

त्या दिवशी मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. आज ती ओळ आठवली की घास खाली उतरत नाही.

हिवाळाभर ठीक चाललं. होळी झाली आणि कचरा सुरू झाला. मी लिहावं एक, तुझ्या पडद्यावर उमटावं दुसरं. तुमच्या खात्यात लाइन तपासताना पलीकडच्या टोकाला दोन तारा जोडून देतात आणि अलीकडून बोललेलं अलीकडेच ऐकू येतं का बघतात, तसा प्रोग्राम तू लिहिलास. त्याला आपण ‘परत-पाठव’ म्हणायचो. मी पाठवलेली ओळ तुझ्या यंत्राला जशी मिळाली तशी ते आपोआप मला परत धाडायचं. माझं ‘नमस्कार’ गेलं की परत येताना त्यात टक्के आणि प्रश्नचिन्हं भरलेली. मग आपण काय काय नाही केलं? वेग निम्म्यावर आणला. खोक्यापासून कॉम्प्युटरपर्यंतची तार बदलली, आखूड केली, तिच्यावर पत्रा गुंडाळला. तू छपरावरचे एरियलचे बांबू फिरवलेस. मी जमिनीतल्या तारेसाठी नवा खड्डा खणून मीठ आणि कोळसा भरला, रोज बादलीभर पाणी ओतलं. काळी जमीन उन्हाने फाटली की तार कोरडी पडते, हे तूच शिकवलेलं. कचरा तसाच.

आणि मग भांडण. मी म्हणायचो दोष तुझ्या टोकाला. तू म्हणायचास तुझ्या. कचऱ्यातून अर्धी अक्षरं गाळून भांडायला किती कष्ट पडतात ते आपल्यालाच ठाऊक. पण आपण मागे हटलो नाही.

खरं म्हणजे आपलं भांडण त्याहून जुनं होतं. तू म्हणायचास तार ऐकलेलं विसरत नाही. पिंपळनेरकडे कुठल्याशा बंद घरातला फोन, लाइन कापून वर्ष झालेली, आणि तू खांबावर चढून कान लावलास तर आत बाई कोणाला तरी जेवायला हाक मारत होती, ही गोष्ट तू मला निदान दहा वेळा सांगितलीस. मी दहाही वेळा म्हणालो, दुसऱ्या लाइनीचं बोलणं मिसळलं असेल. पाठवल्याशिवाय काही येत नाही, प्रल्हाद. तू म्हणायचास, मास्तर, तुम्ही पुस्तकातले. मला राग यायचा तो त्या ‘मास्तर’चा.

शेवटच्या रविवारी मी चिडलो होतो. होळीनंतर अक्कांना लकवा झाला, त्यांची खाट तू पुढच्या खोलीत घेतलीस, हे तू कळवलं होतंस. तुझी आई ती माझीही आईच, किती वर्षं त्यांच्या हातच्या कळण्याच्या भाकरी खाल्ल्या. मी येतो म्हणालो होतो आणि आलो नाही. आधी तू दोष कबूल कर, मग येतो, असं डोक्यात धरून बसलो. आपल्या माणसाशी हट्ट करायला काय लागतं? रविवारी मी लिहिलं, ‘दोष तुझ्या टोकाला आहे. कबूल कर. नाहीतर उद्यापासून मी बसणार नाही.’ ओळ परत आली ती अशी फाटलेली, की तुला त्यातलं काय कळलं ते मला कळेना.

सोमवारी मी बसलो नाही. सुट्टी होती, दुसरं काम नव्हतं, तरी अकरा वाजता ओसरीवर शेंगा फोडत बसलो. बायको म्हणाली, आज जळगाव नाही का? मी म्हणालो, जळगावला जरा वाट बघू दे.

मंगळवारी मात्र राहवलं नाही. अकराला यंत्र लावलं आणि लिहिलं, ‘आहेस का?’ दोन सेकंदांत परत आलं, ‘आहेस का?’ एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी चाटच पडलो. लिहिलं, ‘शेवटी केलंस ना दुरुस्त?’ परत आलं, ‘शेवटी केलंस ना दुरुस्त?’ तेव्हाच मला कळलं की तू परत-पाठव लावून ठेवलाय. पण मी समजलो, तू समोर बसलायस, गाल फुगवून, आणि मुद्दाम एक कळ दाबत नाहीस. तुझा स्वभाव मला माहीत. लग्नाच्या आदल्या दिवशी रुसून चार तास पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलेला माणूस तू.

बुधवारी लिहिलं, ‘रागावलास का?’

‘रागावलास का?’

‘मी कशाला रागावू?’

‘मी कशाला रागावू?’

मी एकटाच हसलो. बायको स्वयंपाकघरातून डोकावली. तिला म्हटलं, बघ, माझीच वाक्यं माझ्या तोंडावर मारतोय. ती म्हणाली, मग वाक्यं तरी बरी लिहा. पण ती जरा वेळ तिथेच उभी राहिली. म्हणाली, भाऊजी इतका वेळ गप्प बसत नाहीत हो कधी. मी तिला आत पाठवलं.

तिचं म्हणणं मात्र मनात राहिलं. इतक्या स्वच्छ लाइनीवर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. कचऱ्याच्या मागे एक किरकिर असायची, तीही नव्हती. शिट्ट्या थांबल्या की कानात काहीच उरायचं नाही. भरल्या घरात जावं आणि भांडंसुद्धा वाजू नये, तसं.

गुरुवारी मी हरलो. लिहिलं, ‘सोमवारी मी मुद्दाम बसलो नाही. माझं चुकलं.’ आयुष्यात तुला हे कधी म्हटलं नव्हतं. दोन सेकंद गेले. शिट्ट्या वाजल्या आणि पडद्यावर आलं, ‘सोमवारी मी मुद्दाम बसलो नाही. माझं चुकलं.’ मी ते तुझं म्हणून वाचलं, प्रल्हाद. माहीत होतं परत-पाठव आहे, तरी तुझं म्हणून वाचलं. तूही सोमवारी बसला नव्हतास, तूही हटून बसला होतास, फिटंफाट झाली, असं मला वाटलं. मग लिहिलं, ‘झालं गेलं विसर. येतो भेटायला.’ तेही परत आलं. बारा वाजता यंत्र बंद केलं आणि दुपारी किती तरी दिवसांनी गाढ झोपलो.

शुक्रवारी पोस्टमन आला. त्याने कार्ड हातात न देता पायरीवर ठेवलं. कोपरा फाडलेला होता, मयताच्या कार्डाचा असतो तसा. बायको म्हणाली, घरात आणू नका, बाहेरच वाचा. तुझ्या मोठ्या भावाचं, दगडूभाऊंचं अक्षर. सोमवारी दुपारी बाराच्या आत, छातीत कळ, खुर्चीवरच. शाळेतही फोन केला होता म्हणे, पण सुट्टीत शाळेला कुलूप. मी ते कार्ड तीनदा वाचलं. सोमवार. मी बोटांवर मोजलं, मंगळ, बुध, गुरू. बायकोने कार्ड माझ्या हातातून घेतलं, रीतीप्रमाणे फाडलं आणि मला डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं. पाणी घेताना मला थंडी वाजत होती. वैशाखातलं ऊन, दुपारची दोनची वेळ.

शनिवारी पहिल्या गाडीने जळगावला आलो. दारात चपला होत्या, आत बायका होत्या, आणि पुढच्या खोलीत तुझी खुर्ची जिथल्या तिथे. तिच्या पायाशी परातीत पीठ पसरून त्यावर समई ठेवलेली. आणि टेबलावर तुझं खोकं, लाल दिवा लागलेला. टीव्हीही चालू. काळ्या पडद्यावर गुरुवारच्या माझ्या ओळी तशाच उभ्या.

मला बघून सुमनवहिनी उठल्या. रडल्या नाहीत, मलाच भिंतीला टेकवून बसवलं. यंत्र बंद का नाही केलं, एवढंच मी विचारू शकलो. त्या म्हणाल्या, माणूस गेला तिथला दिवा दहा दिवस विझू द्यायचा नसतो. समई मी लावली. हा दिवा त्यांनी स्वतः लावलेला, तो मी कसा मालवू? सोमवारपासून रोज लाइट गेली, अख्खं घर अंधारलं, पण तू खोक्याला आणि कॉम्प्युटरला जोडलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर तुझा लाल दिवा जळतच राहिला. आल्यागेल्या बायका कुजबुजत होत्या, सुतकाच्या घरात टीव्ही चालू ठेवलाय म्हणून. वहिनींनी कोणाचं ऐकलं नाही.

मग मंगळवारी अकराला खोकं आपोआप शिट्ट्या घालायला लागलं. पडद्यावर ओळ उमटली, ‘आहेस का?’ खोलीत सहा-सात बायका होत्या. त्यातल्या दोघी चपला न घालताच बाहेर पळाल्या.

आता तू हस. मी धुळ्यात बसून समजत होतो तू बोलतोयस, आणि इकडे तुझं घर समजत होतं तू बोलतोयस. बोलत होतो फक्त मी. तीन दिवस गल्लीत हाच विषय. बुधवारी अकराच्या आधी दाराशी गर्दी जमली, ‘रागावलास का?’ उमटलं तेव्हा एका म्हातारीने पडद्याला हात जोडले. मला ऐकवेना. मी वहिनींना म्हणालो, वहिनी, मला तुम्हाला काही सांगायचंय. या ओळी...

“तुमच्या आहेत,” त्या म्हणाल्या. “मला ठाऊक आहे भाऊजी.”

कसं ठाऊक, मी विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “माझं चुकलं असं ते बावीस वर्षांत कधी म्हणाले नाहीत. आणि सोमवारी मी बसलो नाही, असं आलं. ते तर सोमवारी बसले होते. बसल्या बसल्याच गेले.”

मग त्यांनी तुझं रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. तुझं ते लांबट फॉल्ट रजिस्टर, ज्याला मी कायम चिडवायचो, की खातं घरी घेऊन आलास. सोमवारचं पान उघडं होतं. ‘११.०० येसू नाही. ११.१० येसू नाही. ११.२५ येसू नाही. परत-पाठव लावून ठेवतो. आला की त्याला कळेल मी आहे.’

त्याखाली तुझं अक्षर नाही.

मी शेंगा फोडत होतो रे. तू दर दहा-पंधरा मिनिटांनी माझी वाट लिहून ठेवत होतास, आणि मी ओसरीवर शेंगा फोडत होतो.

मी पानं मागे उलटली, वहिनींच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून. चैत्रातल्या एका पानावर हात थांबला. ‘कूलर चालू: कचरा. कूलर बंद: स्वच्छ. तीनदा तपासलं. जुनी मोटर ठिणग्या मारते. दोष माझ्या टोकाला. येसूला सांगायचं नाही. कूलर बंद ठेवला तर अक्काला उकडेल म्हणून तो अकराला बसणंच बंद करेल. भांडू दे. भांडायला तरी रोज येतो.’

कूलर कोपऱ्यात होता, अंगावर चादर टाकलेला, टाकी कोरडी. त्याच्यासमोर अक्कांची खाट रिकामी. हिवाळ्यात कचरा नाही, उन्हाळ्यात कचरा, आणि विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला कूलर सुचू नये? सुचला नाही. मी हवा, जमीन, मीठ, कोळसा, तुझं तारांना डाख देऊन जोडणं, सगळं तपासलं. अक्कांना घाम येतो हे माझ्या विज्ञानात नव्हतंच. एकदा येऊन त्यांच्या खाटेशी बसलो असतो तरी ती मोटर ऐकू आली असती. आणि दोन महिने खोटारडेपणा करून तू मला भांडत ठेवलंस. तुझा इतका राग मला कधी आला नाही, आणि इतकी माया पण कधी आली नाही.

अक्का कुठे आहेत, मी विचारलं. त्यावर वहिनींचा चेहरा पहिल्यांदा हलला. सोमवारी तुला न्यायच्या आधीच दगडूभाऊंनी अक्कांना जीपमध्ये घालून चोपड्याला नेलं, केळीच्या मळ्यातल्या घरी. हे बघवणार नाही त्यांना, म्हणून. पण आता परत आणायचं नाही असं भावकीचं ठरतंय. एकटी बाई, मूलबाळ नाही, लकव्याची म्हातारी कशी सांभाळणार? आणि चोपड्याला अक्कांनी पाच दिवस अन्न तोंडात घेतलेलं नाही. जे वाटीभर पाणी जातं तेवढंच. घरी न्या म्हणून एकच धोशा लावलाय, ‘माले घर लई चाल.’ वहिनी म्हणाल्या, तिकडे त्या दहाव्यापर्यंतही राहायच्या नाहीत.

तेवढ्यात दगडूभाऊ आत आले. उंच माणूस, डोळे सुजलेले. माझ्याशेजारी बसले आणि वहिनींकडे बघून म्हणाले, दाखव त्यांना. वहिनींनी रजिस्टर पुन्हा पुढे ओढलं. तुझी शिस्त त्यांनी मोडली नव्हती. तुझ्यामागे आलेली प्रत्येक ओळ वेळेसकट, पडद्यावर दिसली तशी अक्षर लावून लिहिलेली. मंगळवारच्या माझ्या ओळी. बुधवारच्या. गुरुवारच्या, शेवटची बाराला पाच कमी असताना, ‘झालं गेलं विसर. येतो भेटायला.’

आणि त्याखाली आणखी एक. ‘१२.३५. अक्काला घरी आण.’

मी ती वाचली. पडद्याकडे बघितलं. वरून खाली माझ्या ओळी, आणि सगळ्यांत शेवटी, एक ओळ जागा सोडून, तीच.

प्रल्हाद, बाराला मी यंत्र बंद केलं होतं. साडेबाराला मी झोपलो होतो. अक्का घरी नाहीत हे मला माहीतच नव्हतं. आपल्या शिट्ट्यांची ही जोडी तू ठरवलेली, ती तिसऱ्या कोणाकडे नाही. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. आणि हेही गेलं की वहिनींना कळ दाबता येते, पाच दिवस त्यांनी पडदा बघितलाय, आणि अक्कांना आणायला भावकीपुढे त्यांना दुसरा आधार नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्या नजरेत मला काही वाचता आलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं कदाचित. मी विचारलं नाही.

दगडूभाऊ म्हणाले, “मास्तर, तुम्ही असलं काही मानत नाहीत, बठ्ठा गाव जाणस. म्हणीसन तुमलेच इचारस. हाई ओळ तुम्ही धाडी शे का?”

अकरा वाजायला आले होते. मी म्हणालो, जरा थांबू. का थांबायचं ते मलाही सांगता आलं नसतं. आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. दारात दोन-चार शेजारी उभे राहिले. अकरा वाजले. अर्थातच काही आलं नाही, येणार कुठून, पाठवणारा इथे भिंतीला टेकून बसलेला. साडेअकरा. बारा. बायका उठून गेल्या. समईत वहिनींनी तेल घातलं.

साडेबारानंतर खोक्यातला तुझा रिले, शिट्टी आली की आपोआप दबणारी ती कळ, टक् करून वाजला. ओळ यायच्या आधी वाजतो तसाच. पुढचं अक्षर जिथे उमटतं ती पडद्यावरची पांढरी चौकट एक ओळ खाली सरकली आणि थांबली. अक्षर नाही, काही नाही. रिकामी ओळ. मग खोक्याने ती रिकामी ओळ इमानदारीने धुळ्याच्या दिशेने परत पाठवली, जिथे ती घ्यायला कोणी नव्हतं.

मला माहीत आहे, एखादी ठिणगीही तेवढं करू शकते. कुठली ठिणगी ते मात्र मला माहीत नाही. कूलर चादरीखाली होता.

दगडूभाऊंनी माझा हात धरलेला होता. मी त्यांना म्हणालो, “नाही भाऊ. ती ओळ माझी नाही.”

आपल्या पंचवीस वर्षांच्या भांडणात मी तुझ्या बाजूने साक्ष दिली ती ही एकदाच. आणि ती खरी होती. पाठवल्याशिवाय काही येत नाही, हे मी अजूनही शाळेत शिकवीन. पण ती कोणी पाठवली असं एखाद्या मुलीने विचारलं तर मी खडू खाली ठेवीन.

दगडूभाऊंनी माझा हात सोडला. मग उठले, कूलरपाशी गेले, त्याच्यावरची चादर काढली आणि घडी घालून वहिनींच्या हातात दिली. म्हणाले, आजच जातो, उद्या सकाळी घेऊन येतो. वहिनी आत गेल्या. थोड्या वेळाने त्या बादली घेऊन आल्या आणि कूलरच्या टाकीत पाणी ओतू लागल्या. तेव्हा त्या रडत होत्या.

निघताना मी विचारलं, यंत्र बंद करू का? त्या म्हणाल्या, दहाव्यापर्यंत राहू द्या. बुधवारी तुम्ही या आणि तो दिवा तुमच्या हाताने मालवा. आणि उद्या अकराला बसा, सोमवारसारखं करू नका. हे बोलताना त्यांना माझ्यावर राग होता की नाही, मला कळलं नाही. असायला हवा.

काल रविवार होता. साडेदहालाच मी यंत्रासमोर जाऊन बसलो. बायको या वेळी स्वयंपाकघरातून आली आणि माझ्या मागे उभी राहिली. अकराच्या ठोक्याला मी लिहिलं, ‘अक्का घरी आल्या का?’ आणि हात मांडीवर घेतले.

दोन सेकंद. मग कानात ती किरकिर आली, आणि पडद्यावर ओळ उमटली.

‘अ%का घ?ी आ=?ा क%’

बायकोने विचारलं, हे काय आलं? जळगावात तुझ्या पुढच्या खोलीत कूलर लागला होता, अक्का त्याच्यासमोर आडव्या झाल्या होत्या, आणि ती जुनी मोटर भरभरून ठिणग्या मारत होती. मी डोळे पुसले आणि चाचपडत पुढची ओळ लिहिली. ती तुझ्यापर्यंत कशी पोचली असेल, किती फाटून, ते मला माहीत नाही. तुझ्या रजिस्टरात वहिनींनी काय लिहून घेतलं असेल तेही नाही. म्हणून इथे नीट लिहितो.

दोष तुझ्याच टोकाला आहे, प्रल्हाद. मी म्हणतच होतो. राहू दे. दुरुस्त करू नकोस.